वरचा पंख बसवायचा राहिलाय

दिवाळीआधी माळा आवरायला काढला की एखादं खोकं असं हाती लागतं, ज्याचा निकाल लावायला घरात कुणी धजत नाही. टाकवत नाही आणि उघडून बसायला सवड नसते. विमानांची मॉडेलं करण्याचा नाद ज्या घरात कधीकाळी शिरला होता, तिथल्या खोक्यात बहुतेक वेळा एक अर्धवट विमान निघतं. ते दुपंखी असेल, तर काम कुठे थांबलं हे झाकण न काढताही सांगता येतं. धडाचे दोन अर्धे जुळलेले असतात, आत वैमानिकाची खुर्ची बसलेली असते, खालचा पंख चिकटलेला असतो. वरचा पंख मात्र पिशवीत सुटाच पडलेला असतो.

काम तिथेच अडतं याला कारण आहे. एकपंखी स्पिटफायर सवयीच्या हाताला दोन-चार रविवारांत उभं करता येतं. दुपंखीत वरचा पंख खांबांवर, हवेत तोलायचा असतो. धडातून निघणारे आखूड खांब आणि दोन्ही बाजूंना पंखांच्या मधले उंच खांब, अशी आठ किंवा त्याहून जास्त टोकं एकाच वेळी आपापल्या भोकात शिरावी लागतात. गोंद ओला आहे तोवर खांब कलंडतात; वाळला की ऐकत नाहीत. मध्यावर अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाला, तर पंखाच्या टोकाला तो चांगला दोन-तीन मिलिमीटर होऊन दिसतो. रंग आधी द्यावा, तर चिकटवायच्या जागा पुन्हा खरवडाव्या लागतात. नंतर द्यावा, तर दोन पंखांच्या मधे ब्रश शिरत नाही. एवढं निभावलं तरी तारा ओढायच्या राहतातच. मग ‘पुढच्या रविवारी बघू’ असं होतं, परीक्षा येतात, नोकरी लागते, बदली होते, आणि खोकं माळ्यावर जातं.

उज्जैनसारख्या गावात माळ्यावर गेलेली वस्तू आहे तशी खाली येत नाही. माळव्याच्या रात्री थंड असल्याचा लौकिक कितीही जुना असला, तरी मे महिन्यात दुपारचा पारा चाळिशी सहज ओलांडतो, आणि छपराखालची हवा त्याहून तापते. पाठोपाठ येतो क्षिप्रा भरून वाहणारा दमट पावसाळा. वर्षामागून वर्षं हा शेक आणि ओल सोसलेलं मॉडेल पुन्हा हातात घेणं हे नवं मॉडेल करण्यापेक्षा वेगळं काम आहे. त्याची रीत वेगळी, त्यात लागणारा संयमही वेगळा. दुपंखी विमान त्यासाठी फार कडक मास्तर आहे, कारण त्यातला प्रत्येक भाग दुसऱ्याच्या आधाराने उभा असतो.

दोन पंख कशासाठी?

संक्रांतीला उज्जैनच्या गच्च्यांवर पतंगांची झुंबड उडते. दुपंखी विमानाचं मूळ शोधत गेलं की आपण पतंगापाशीच पोचतो. ऑस्ट्रेलियात लॉरेन्स हारग्रेव्हने १८९३ मध्ये पेटीच्या आकाराचा पतंग केला. वर एक पृष्ठ, खाली एक पृष्ठ, मधे उभ्या काड्या. एकेरी पतंगापेक्षा तो वाऱ्यात कितीतरी स्थिर राहिला. अमेरिकेत ऑक्टेव्ह शनूट हा पेशाने रेल्वे आणि पुलांचा अभियंता होता. त्याने १८९६ च्या ग्लायडरमध्ये दोन पंखांच्या मधे तिरप्या तारा ओढल्या, अगदी लोखंडी पुलाच्या कैचीत असतात तशा. राइट बंधूंनी या दोन्ही गोष्टींबद्दल वाचलं होतं. १८९९ मध्ये त्यांनी सगळ्यात आधी जे केलं, ते पाच फूट पंखांचं दुपंखी पतंगवजा मॉडेल होतं. चार दोऱ्या ओढून त्याचे पंख पिळता येत होते. पुढे १७ डिसेंबर १९०३ ला किटी हॉकला जे विमान बारा सेकंद आणि १२० फूट उडालं, त्याची कल्पना आधी या मॉडेलवर तपासलेली होती. दुपंखी विमानाच्या इतिहासात मॉडेल आधी आणि विमान नंतर, असा क्रम लागतो.

दोन पंखांचं गणित सोपं आहे. लाकडाच्या बारीक फासळ्यांवर कापड ताणून केलेला पातळ पंख एकटा असला तर हवेच्या दाबाने वाकतो. एकावर एक असे दोन घेतले, मधे उभे खांब दिले आणि प्रत्येक चौकटीत दोन तिरप्या तारा ताणल्या, की सगळ्यांची मिळून एक हलकी पण ताठ पेटी बनते. खालच्या पंखाच्या मुळापासून वरच्या पंखाकडे बाहेर जाणाऱ्या तारा उडताना भार घेतात. वरच्या पंखाच्या मध्यापासून खाली बाहेर येणाऱ्या तारा विमान जमिनीवर असताना पंखांना लोंबू देत नाहीत. बाज विणताना एक दोर जास्त खेचला की चारही पाय तिरके होतात, तसंच इथे आहे. एक तार जास्त ताणली की दुसऱ्या टोकाचा पंख पिळतो.

या ताठपणाची किंमत विमान हवेत मोजत असे. प्रत्येक तार, प्रत्येक खांब वाऱ्याला अडवतो. इंजिनांची ताकद वाढली, पंखांना धातूचं कवच आलं, तसा १९३० च्या दशकात एकच पंख स्वतःच्या बळावर ताठ राहू लागला आणि लढाऊ दुपंखी मागे पडली. शिकाऊ विमानांत मात्र ती टिकली. डी हॅविलंडचं टायगर मॉथ पहिल्यांदा उडालं ते ऑक्टोबर १९३१ मध्ये. पुढल्या काळात अशी जवळपास नऊ हजार विमानं बांधली गेली आणि भारतातल्या वैमानिकांच्या एका पिढीने त्यांच्यावर धडे गिरवले.

खोकं उघडल्यावर

पुन्हा काम सुरू करणाऱ्याची पहिली चूक ठरलेली असते. पिशवीतला वरचा पंख काढायचा आणि जिथे थांबलो तिथून पुढे जायचं. पण ‘जिथे थांबलो ती जागा’ आता राहिलेली नसते.

टेबलावर पांढरा कागद पसरून एकेक भाग ओळीने मांडला की काय काय बदललं ते दिसतं. वजनाखाली दबलेला पंख सुपासारखा किंचित वाकलेला निघतो. त्याची कड काचेवर ठेवली की खालून उजेड दिसतो. धडाच्या जोडावर पूर्वी भरून घासलेली रेघ पुन्हा उमटलेली असते, कारण गोंदाने विरघळलेलं प्लॅस्टिक महिनोन्‌महिने आक्रसत राहतं. चाकांना रबरी टायर असतील, तर रबरातला तेलकट अंश उतरून शेजारचं प्लॅस्टिक चिकट झालेलं असतं. इनॅमल रंगाच्या डबीत वर साय आणि खाली डिंक. झटपट गोंदाची नळी दगड झालेली. तिच्या वाफेने वैमानिकापुढची इवलीशी काच धुरकट झालेली. आणि पाण्यात भिजवून लावायच्या चित्रपट्ट्या, म्हणजे ज्यांच्यावर विमानाची वर्तुळं आणि आकडे छापलेले असतात त्या, पिवळ्या पडलेल्या.

यातल्या बऱ्याच गोष्टींवर उतारा आहे. वाकलेला पंख कढत पाण्यात थोडा वेळ धरून सपाट काचेवर हलक्या हाताने दाबला की सरळ होतो. मात्र पाणी उकळतं असेल तर पंखाची पुरती वाट लागते. पिवळ्या पट्ट्या प्लॅस्टिकच्या पारदर्शक पिशवीत घालून खिडकीच्या काचेला आतून चिकटवून ठेवतात. काही दिवसांच्या उन्हाने पिवळेपणा बराच उतरतो, आणि उन्हाची उज्जैनला वानवा नाही. जुनी पट्टी पाण्यात टाकल्यावर तिचे तुकडे होऊ नयेत म्हणून आधी तिच्यावर पारदर्शक लाखेचा हात देतात, आणि मूळ पट्टीची परीक्षा नको असलेल्या एखाद्या आकड्यावर घेतात. झटपट गोंदाचा चुकलेला जोड फ्रीझरमध्ये ठेवला की ठिसूळ होतो आणि हलक्या पिळाने सुटतो. नळीतल्या जुन्या गोंदाने प्लॅस्टिकच वितळून एकजीव झालं असेल, तर पातळ करवतीशिवाय इलाज नसतो.

सुटं करणं हाच या टप्प्याचा मुख्य भाग. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने घाईत चिकटवलेला खालचा पंख तिरका असेल, तर त्यावर कितीही कौशल्याने वरचा पंख बसवला तरी विमान लंगडंच दिसणार. म्हणून आधी पुढून पाहायचं: दोन्ही बाजूंचे पंख सारखे वर उचललेले आहेत का? मग वरून: शेपटीपासून पंखाच्या दोन्ही टोकांपर्यंत दोऱ्याने माप घेतलं तर सारखं भरतं का? दोन्हींचं उत्तर ‘नाही’ आलं, तर केलेलं काम मोडावं लागतं. अर्धवट मॉडेल पुन्हा माळ्यावर जातं ते बहुतेक याच घडीला. पुढे जायला बसलेल्या माणसाला मागे जाणं सोसत नाही.

शहरातलं सर्वांत मोठं अर्धवट काम

उज्जैनकरांना असं मागे जाऊन पुढे आलेलं काम पाहायला लांब जावं लागत नाही. क्षिप्रेच्या काठी जयसिंहपुऱ्यात जी वेधशाळा आहे, ती सवाई जयसिंगाने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधली. दिल्ली, जयपूर, मथुरा आणि वाराणसी या चार ठिकाणच्या वेधशाळांचं ही भावंड. जयसिंगानंतर तिला वाली उरला नाही. १९१८ साली जी. आर. केने जयसिंगाच्या वेधशाळांवर ग्रंथ लिहिला, तोवर इथली यंत्रं पडझडीला आली होती.

तिच्यावर पुन्हा हात पडला तो १९२३ मध्ये. ग्वाल्हेर संस्थानच्या माधवराव शिंदे महाराजांनी जीर्णोद्धार करवला, आणि वेधशाळेचे पहिले अधीक्षक झाले गोविंद सदाशिव आपटे. ‘सर्वानंदकरण’ हा ज्योतिर्गणिताचा ग्रंथ लिहिणारे हे मराठी पंडित. विटा-चुन्याचं काम गवंडी करतो, पण इथे चुन्यालाही गणित होतं. सम्राट यंत्राच्या तिरप्या भिंतीचा उतार उज्जैनच्या अक्षांशाइतका, म्हणजे २३ अंशांहून थोडा अधिक असावा लागतो, तरच ती पृथ्वीच्या अक्षाला समांतर राहते आणि तिची सावली वेळ सांगते. उतार चुकला तर उरतो तो नुसता जिना.

आपट्यांपुढचं जग जयसिंगाचं राहिलं नव्हतं, हे जास्त महत्त्वाचं. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली होती. सम्राट यंत्र सांगतं ती उज्जैनची सूर्यवेळ. मनगटावरच्या घड्याळाशी ती जुळवायची तर सरासरी सुमारे सत्तावीस मिनिटं मिळवावी लागतात, शिवाय तारखेगणिक बदलणारा फरक वेगळा. यंत्र मोडून प्रमाणवेळेला वाकवलं नाही. फरकाचा तक्ता यंत्रापाशी लावला. जुनं काम होतं तसं शाबूत राहिलं आणि नव्या काळातल्या माणसालाही वापरता आलं.

काम १९२३ मध्ये संपलंही नाही. १९३७ मध्ये आपट्यांच्या देखरेखीखाली शंकुयंत्र उभं राहिलं. जयसिंगाच्या मूळ यंत्रांत ते नव्हतं. २१ जूनच्या सुमारास भर दुपारी याच शंकूची सावली जवळपास नाहीशी होते आणि ती पाहायला शाळांची मुलं येतात. १९४२ पासून वेधशाळेचं ग्रहस्थितीचं पंचांग निघू लागलं. दिगंश यंत्राची पुनर्बांधणी झाली १९७४ मध्ये. पहिली डागडुजी आणि हे यंत्र यांच्यात अर्धशतक गेलं. काय आहे ते मोजा, कशावर भरवसा ठेवायचा ते ठरवा, बिघडलेलं उतरवा, मग नवं चढवा, आणि भर घातली तर ती भर आहे हे नोंदवा: टेबलावरच्या विमानालाही हाच क्रम लागू पडतो.

हे विमान कुणाचं?

कामाला पुन्हा लागण्याआधी बरेच जण आणखी एक निर्णय बदलतात: विमान कुणाचं रंगवायचं. शाळकरी वयात डब्यावरचं चित्र प्रमाण असतं. मोठेपणी माणसाला नावागावाचं विमान हवं असतं. मराठी घरात दुपंखी करायचं म्हटलं तर एक नाव आपल्याकडे फारसं घेतलं जात नाही. मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर पहिल्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या २३ व्या स्क्वाड्रनमध्ये सॉपविथ डॉल्फिन उडवत होते. जून १९१८ च्या अखेरीस त्यांचा अंत झाला. फ्रान्समध्ये हँगार्ड गावच्या दफनभूमीत त्यांची समाधी आहे. त्या युद्धात लढाऊ विमानं चालवणारे मूठभर भारतीय होते. त्यांपैकी कलकत्त्याच्या इंद्रलाल रॉयने जुलै १९१८ मध्ये दोन आठवड्यांहून कमी दिवसांत दहा विमानं पाडली आणि एकोणिसाव्या वर्षी तो मारला गेला. हरदित सिंग मलिक सॉपविथ कॅमलवर लढून परत आले. वेलिणकरांचं नाव या दोघांच्या मागे राहून गेलं.

डॉल्फिन हे मॉडेल करणाऱ्याची परीक्षा पाहणारं विमान. बहुतेक दुपंखींत वरचा पंख खालच्यापेक्षा पुढे असतो. यात तो किंचित मागे आहे. वरच्या पंखाचा मधला भाग म्हणजे उघडी चौकट, आणि वैमानिकाचं डोकं त्या चौकटीतून वर निघालेलं. वरचं आकाश त्याला छान दिसे. उतरताना विमान उलटलं तर मात्र पहिला मार डोक्यालाच, ही धास्तीही असे. दोन्ही बाजूंना खांबांच्या दोन-दोन जोड्या असल्याने ताराही दुप्पट. पंखांची लांबी सुमारे ९.९ मीटर, म्हणजे १/७२ प्रमाणात पावणेचौदा सेंटिमीटर. रंगावरून वाद घालायला तर रात्र पुरत नाही. त्या काळच्या ब्रिटिश विमानांच्या वरच्या बाजूला ‘पीसी १०’ नावाचा लेप असे. तो हिरवट खाकी की चॉकलेटी, हे रंगद्रव्य, तेल आणि उन्हाळे किती खाल्ले यांवर ठरे. खालची बाजू कच्च्या लिननच्या कापडाची, पिवळट.

दुसरी निवड वेस्टलँड वापिती. भारतीय हवाई दलाची पहिली स्क्वाड्रन १ एप्रिल १९३३ ला कराचीत ड्रिग रोडला उभी राहिली, तेव्हा तिच्याकडे चार वापिती विमानं होती आणि मोजके भारतीय वैमानिक. त्यांतले सुब्रतो मुखर्जी पुढे हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. एक वापिती आजही दिल्लीत पालमच्या हवाई दल संग्रहालयात उभं आहे. त्यामुळे खांब कुठे बसतो, तार कुठे शिरते, हे पुस्तकातल्या रेषांवर सोडावं लागत नाही. मॉडेल मात्र १/७२ मध्येही वीस सेंटिमीटरच्या आसपास जातं.

ज्यांना पहिल्यांदाच दुपंखी पुरं करायचं आहे त्यांना जाणते टायगर मॉथ सुचवतात. दोन्ही बाजूंना खांबांची एकेकच जोडी, तारा कमी, आकार साधा. त्यातही एक गंमत आहे. पुढच्या बैठकीतल्या शिक्षकाला हवाई छत्री घेऊन बाहेर पडता यावं म्हणून वरचा पंख पुढे सरकवला, मग तोल सांभाळायला पंखांची टोकं मागे वळवली. वरून पाहिल्यावर दिसणारा तो हलका मागचा वळसा मॉडेलात हरवला, तर विमान टायगर मॉथ वाटत नाही.

भारतात दुपंखी शिकाऊ विमानांचा काळ संपवण्यात एका मराठी अभियंत्याचा मोठा हात होता. डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी गटिंगनला लुडविग प्रांटल यांच्याकडे डॉक्टरेट केली, बंगळूरला विमानशास्त्र शिकवलं, आणि त्यांच्या हाताखाली हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये आखलेलं एचटी-२ ऑगस्ट १९५१ मध्ये उडालं. धातूचं, एकपंखी, विनातारेचं. हवाई दलाच्या शिकाऊ मुलांच्या हातून टायगर मॉथ गेलं ते या विमानामुळे.

उदबत्ती आणि तार

आता पुन्हा टेबलाकडे. खालचा पंख सरळ झाला, रंगाचे हात झाले, चित्रपट्ट्या बसल्या. तारांची भोकं पंख जोडण्याच्या आधी पाडून घ्यायची असतात, हे बहुतेकांना पहिल्या विमानानंतर कळतं. ०.३ मिलिमीटरचं ड्रिल हातातल्या छोट्या पकडीत बसवून बोटांनीच फिरवायचं. भोक आरपार गेलं तर वरच्या रंगावर ठिपका उमटतो.

वरचा पंख हातात धरून बसवायचा प्रयत्न करूच नये. पुठ्ठ्याचा, थर्माकोलचा किंवा मुलांच्या जोडविटांचा साचा करून त्यात धड घट्ट उभं करायचं, वरचा पंख उलटा ठेवून आधी फक्त मधले आखूड खांब चिकटवायचे, आणि गोंद पुरता कडक होण्याआधी पंख धडावर बसवून सगळं साच्यात रात्रभर तसंच सोडायचं. बाहेरचे खांब दुसऱ्या दिवशी, एकेक करून, चिमट्याने मधे सारायचे. त्यांनी भार घ्यायचा नाही. आकार मधल्या खांबांनीच धरलेला असतो.

मग तारा. खऱ्या विमानावरची तार सुमारे सहा मिलिमीटर धरली, तर १/७२ मध्ये ती ०.०८ मिलिमीटर होते, म्हणजे जवळपास केसाएवढी. बाजारात लवचिक लायक्राचे धागे मिळतात, मासे पकडायची बारीक नायलॉन दोरी मिळते. पण जुन्या लोकांचा उपाय फुकटचा आहे. किटमधले भाग ज्या प्लॅस्टिकच्या काडीला जोडून येतात, ती काडी मेणबत्तीच्या ज्योतीवर, ज्योतीला न टेकवता, फिरवत तापवायची. चकाकी आली की बाजूला घेऊन दोन्ही हात सरळ लांब न्यायचे. वेग जास्त तर तार केसाहून बारीक, कमी तर जाड. तार मापून कापायची, टोकांना पांढऱ्या गोंदाचा थेंब लावून भोकात सोडायची. ती सुरुवातीला ढिलीच बसते. गोंद वाळल्यावर उदबत्ती पेटवून, ज्योत विझवून, निखारा तारेपासून थोड्या अंतरावर हळूच फिरवायचा. तार बघता बघता आक्रसते आणि सरळ होते. निखारा अंमळ जवळ गेला तर टिचून दोन तुकडे. महाकाळाच्या गावात उदबत्ती मागायला लांब जावं लागत नाही, पण या कामासाठी बारीक काडीची, कमी राख सांडणारी निवडावी. राखेचा कण ओल्या रंगावर पडला तर तो तिथेच बसतो.

नायलॉन वापरणाऱ्यांनी एक पथ्य पाळायचं. उजवीकडे एक तार ओढली की लगेच डावीकडची जोडीदार ओढायची. एका बाजूच्या सगळ्या तारा आधी ताणल्या, तर पहाटेपर्यंत पंख पिळलेला सापडतो.

मूळ किती, नवं किती

किती भाग मूळचे ठेवायचे, यावर मॉडेल करणारे बरीच चर्चा करतात. खऱ्या विमानांपुढेही हाच प्रश्न आलेला आहे. १९०३ चं राइट फ्लायर त्याच दिवशी, चौथ्या उड्डाणानंतर, वाऱ्याने उलटून मोडलं. राइट बंधूंनी ते खोक्यांत भरून डेटनला नेलं. मार्च १९१३ च्या पुरात ती खोकी चिखलपाण्यात बुडाली. १९१६ मध्ये प्रदर्शनासाठी ते पुन्हा जुळवलं गेलं, १९२८ मध्ये लंडनला गेलं आणि १९४८ मध्ये अमेरिकेला परतलं. त्याचं कापड एकाहून अधिक वेळा बदललं आहे. तरी ते तेच विमान, याबद्दल कुणी हुज्जत घालत नाही.

वेलिणकर उडवत तसं डॉल्फिन लंडनच्या रॉयल एअर फोर्स संग्रहालयात आहे. ते कुठल्याही एका विमानाचं नाही. वेगवेगळ्या मूळ विमानांचे हाती लागलेले भाग जमवून, उरलेलं नव्याने घडवून, ते २०१२ मध्ये पुरं झालं. त्याच वर्षी भारतीय हवाई दलाचं टायगर मॉथ, एचयू ५१२, ब्रिटनमध्ये दुरुस्त होऊन आलं आणि ८ ऑक्टोबरला हिंडनच्या हवाई दल दिनाला उडालं. मोडकळीला आलेल्या सांगाड्यातून उडतं विमान करायचं, तर लाकूड आणि कापड किती नवं घालायचं हे सुरक्षेचे नियम ठरवतात. तिथे हळवेपणाला जागा नसते.

मुंबईत चारकोपच्या गच्चीवर विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव मॉडेल करत नव्हते, खरं सहा आसनी विमान करत होते, तेही एकपंखी. पण काम थांबणं आणि पुन्हा उभं करणं हे त्यांच्याइतकं थोड्याच मराठी माणसांनी अनुभवलं असेल. त्यांचं आधीचं विमान उडालंच नाही. पुढचं २०१६ मध्ये बांद्रा-कुर्ला संकुलातल्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात मांडलं गेलं, २०१७ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे नोंदलं गेलं, आणि २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवरून उडालं. नापास झालेलं विमान डागडुजी करून पुढे रेटायच्या भानगडीत ते पडले नाहीत. त्यांनी नवंच बांधलं.

माळ्यावरच्या दुपंखीलाही हा पर्याय खुला असतो. किट स्वस्त आणि सहज मिळणारं असेल, तर नवं आणून जुन्याचे खांब, चाकं, इंजिन सुटे भाग म्हणून वापरणं शहाणपणाचं. किट आता निघत नसेल, किंवा ते आणणाऱ्या काकांनी परदेशातून बॅगेत कपड्यांच्या घडीत जपून आणलं असेल, तर धड तेच ठेवून पंख नव्याने घडवावे. मधला मार्गही असतो: बिघडलेला खालचा पंख कापून काढायचा, दुसऱ्या किटचा जोडायचा, आणि पोटाखाली पेन्सिलीने दोन्ही वर्षं लिहून ठेवायची.

माळव्यात या कामाचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो. पावसाळ्यात लाखेवर पांढुरकी झाक येते आणि झटपट गोंद नको तितक्या घाईने धरतो; मेमध्ये ब्रशवरचा रंग मॉडेलपर्यंत पोचण्याआधी आवळतो. कार्तिकापासून हवा कोरडी होते. मोडतोड आणि मापं मार्गशीर्ष लागायच्या आत उरकावी, कारण थंडी वाढली की इनॅमल रंग वाळायला जास्त वेळ घेतो आणि दोन हातांमध्ये एखादा दिवस जास्त सोडावा लागतो. रंग आणि चित्रपट्ट्या पौषाच्या सुरुवातीपर्यंत. वरचा पंख साच्यात ठेवायचा तो घरात पाहुणे नसतील अशा रात्री. तारांचं काम संक्रांत झाल्यावर काढावं, त्याआधी नाही: उज्जैनमध्ये त्या आठवड्यात घरची मुलं सकाळपासून गच्चीवर असतात, आणि हात धरायला एक माणूस लागतोच.